बारा अठरा बावन्न

दुपारी बारा वाजून अठरा मिनिटं आणि बावन्न सेकंदांनी रत्नाकर शिंत्रे यांची लाइन तुटली. प्रश्न विचारून झाला होता. उत्तर आलेलं नव्हतं.

स्पीकरमधून एक बारीक ‘टिंग’ आलं आणि पडद्यावर शिंत्रेंच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला. मी भिंतीलगतच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. चौकशी समितीच्या अध्यक्ष मृणालिनी उपळेकर यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय झालं, मगदूम?”

“लाइन बंद झाली, मॅडम.”

“आपल्याकडून?”

मी माझ्या पडद्यावर नजर टाकली. सर्व्हर चालू होता, सभागृहाची जोडणी शाबूत होती, इंटरनेट व्यवस्थित होतं. “आपल्याकडे सगळं चालू आहे,” मी म्हणाले. त्या क्षणी मला जेवढं दिसत होतं तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

मॅडमनी लिपिक सलीम बागवान यांना शिंत्रेंच्या मोबाइलवर फोन लावायला सांगितला. फोन क्षेत्राबाहेर होता. मॅडम पाच मिनिटं थांबल्या आणि मग त्यांनी इतिवृत्तात एक वाक्य लिहून घेतलं: ‘साक्षीदाराने प्रश्नाचे उत्तर न देता संपर्क तोडला.’ कामगार न्यायालयात बावीस वर्षं काढलेल्या बाई. अशा वाक्याला पुढे काय वजन येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या हिंदुराव खोतांनाही ते कळलं होतं.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, हंगाम सुरू असताना, उसाचा रस आटवण्याच्या टाकीत सफाई करायला उतरलेला अशोक ढोबळे नावाचा फिटर वाफ सुटून गेला. वाफेचा व्हॉल्व्ह उघडला हिंदुराव खोतांनी. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून कबूल केलं होतं. प्रश्न वेगळाच होता.

त्या कारखान्यात व्हॉल्व्हला कुलूप घालून चावी आत उतरणाऱ्याने जवळ ठेवायची, ही पद्धत कागदावर होती. प्रत्यक्षात टाकीत उतरणारा माणूस आपला टॉवेल व्हॉल्व्हच्या चाकाला बांधून जायचा. टॉवेल चाकावर आहे तोवर माणूस आत आहे. बाहेर आला की तोच आपल्या हाताने सोडणार, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. त्या दिवशी चाकावर टॉवेल नव्हता. हिंदुरावांचं म्हणणं, पाळीचे इंजिनियर शिंत्रे यांनी त्यांच्यासमोर तो सोडला आणि ‘उघड, गडी वर आलाय’ असं सांगितलं. दुसरा साक्षीदार नाही. अपघातानंतर तीन महिन्यांत शिंत्रे राजीनामा देऊन युगांडातल्या एका साखर कारखान्यात गेले. लेखी प्रश्नावलीत त्यांनी सगळ्याची उत्तरं पाठवली, फक्त टॉवेलचा रकाना रिकामा ठेवला.

म्हणून ती ऑनलाइन साक्ष. मॅडमनी विचारलेला प्रश्न असा होता: “चाकावरचा टॉवेल तुम्ही सोडलात का?”

सभागृह रिकामं होत असताना हिंदुराव माझ्या टेबलापाशी आले. निलंबनाला तेव्हा चौदा महिने झाले होते. गावात त्यांच्या घरासमोरून जाताना लोक आवाज खाली करायचे, असं बागवान मला आधी म्हणाले होते.

“ताई, साहेब पळाला की ओ.”

मी वायरी गुंडाळत होते.

“चौदा म्हैने मी बोंबलतोय, कुणी ऐकलं न्हाई. तुमच्या मशीननं एका मिनटात दाखवलं.” त्यांनी सर्व्हरच्या काळ्या पेटीला हात लावला आणि मग तो हात छातीला लावला.

आता मशीनबद्दल सांगायला हवं.

मी त्याआधी नऊ वर्षं मिरजेत एका दैनिकात उपसंपादक होते. नंतर किरण आरवाडे हा वर्गमित्र आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ऑनलाइन सुनावण्यांसाठी एक यंत्रणा उभी केली. मीडिया सर्व्हर आमचाच होता. त्याचं कॉन्फिगरेशन, म्हणजे तो कसा चालावा याच्या सूचना, मी लिहायचे, आणि चांगलं लिहायचे. युगांडातल्या त्या कारखान्याच्या नेटवर्कमधून नेहमीचे व्हिडिओ कॉल जातच नव्हते, साध्या वेबसाइट तेवढ्या उघडायच्या. म्हणून मी आवाज वेबसॉकेटने न्यायचं ठरवलं. एकदा जोडली की दोन्ही टोकांना उघडी राहणारी ती लाइन असते, आणि बाहेरच्या नेटवर्कला ती साध्या वेबसाइटसारखीच दिसते. लाइन बारीक होती, म्हणून चित्र बंद, फक्त आवाज. त्यातही एक बचत मी केली होती. माणूस गप्प असेल तेव्हा काहीच पाठवायचं नाही. पंख्याची घरघर, कागदांची सळसळ गाळून टाकायची, बोललेलं तेवढं न्यायचं. या युक्तीचा मला अभिमान होता. किरणने तिचं कौतुकही केलं होतं, आणि तो सहसा करत नाही.

चाचणीची माझी पद्धत पेपरातून आलेली. मी त्या दिवसाचा अंक घेऊन बसायचे आणि मुख्य मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींपर्यंत मोठ्याने वाचायचे. पलीकडे किरण ऐकायचा. शिंत्रेंच्या साक्षीआधी मी दोन तास दहा मिनिटं वाचलं होतं. लाइन एकदाही तुटली नव्हती. किरणला जत तालुक्यातल्या सगळ्या स्थळांची माहिती झाली होती.

साक्षीनंतर दुपारी तीनला मी ऑफिसात लॉग उघडला. सर्व्हर दर क्षणाची नोंद ठेवतो. कोणाकडून शेवटचा आवाज कधी आला, कोण कधी जोडलं गेलं, लाइन कशी बंद झाली. पेपरात असताना बातमीतली प्रत्येक वेळ मी दोनदा ताडून पाहायचे, ती सवय गेली नव्हती.

मॅडमच्या प्रश्नाचा शेवटचा शब्द बारा सतरा बावन्नला संपला होता. त्यानंतर बागवानांनी समितीचा माइक बंद केला. साक्षीदार बोलत असताना सभागृहातून आवाज जाऊ नये, असा समितीचा नियमच होता. लाइन तुटली बारा अठरा बावन्नला.

मी ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. बरोबर साठ सेकंद. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. माणूस उठून जातो तेव्हा इतक्या मोजून वेळेला जात नाही.

पुढच्या दहा मिनिटांत सगळं सापडलं. आमच्या मीडिया सर्व्हरच्या पुढे एक प्रॉक्सी होती, बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी आधी तिच्याकडे यायची आणि ती आत पाठवायची. तिचा मुळातला नियम असा, की एखाद्या लाइनवरून साठ सेकंद काहीच गेलं-आलं नाही तर ती लाइन मेली समजायची आणि कापायची. हा आकडा मी वाढवायला हवा होता, किंवा शांतता असतानाही दर काही सेकंदांनी एक छोटा ठोका पाठवत राहायला हवं होतं. मी दोन्ही केलं नव्हतं, कारण माझ्या चाचणीत कधी साठ सेकंद शांतता झालीच नव्हती. प्रॉक्सीच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: वेळ संपली. सर्व्हरच्या नोंदीत बंद होण्याचा आकडा होता एक हजार सहा, म्हणजे निरोप न घेता तुटलेली लाइन. माणसाने स्वतः खिडकी बंद केली असती तर ब्राउझर जाता जाता निरोप पाठवतो, आणि तिथे एक हजार एक आला असता.

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. बारा एकोणीस पाच, बारा एकोणीस चाळीस, बारा एकवीस दहा. तिन्ही शिंत्रेंच्या, प्रवेशाची विनंती. एकदा बाहेर गेलेल्याला आपोआप आत घ्यायचं नाही, हाही समितीचाच नियम. आत घेण्याचं बटण फक्त बागवानांच्या कॉम्प्युटरवर होतं, आणि बागवान तेव्हा शिंत्रेंचा मोबाइल लावत होते. विनंतीची चौकट इतिवृत्ताच्या मागून अर्धीच दिसत असणार.

मी किरणला हाक मारली आणि कागद पुढे केला. त्याने तो वाचला, मग लॉग स्वतः पाहिला, मग खुर्ची ओढून बसला.

“कुणी विचारलंय तुला?”

“अजून नाही.”

“मग विचारू दे.”

“विचारणार नाहीत. मी तिथे सांगितलंय की आपल्याकडे सगळं चालू आहे.”

तो थोडा वेळ पेन टिचकवत राहिला. पुढच्या महिन्यात आणखी दोन समित्या आमची यंत्रणा बघायला येणार होत्या, पण तो त्याबद्दल बोलला नाही. त्याचा मुद्दा दुसराच होता, आणि तो चांगला होता. “नंदा, एक सांग. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? त्याला पूर्ण मिनिट मिळालं होतं. बरं, लाइन तुटली. त्यानंतर त्याने एक मेल तरी केला का, की बाबांनो, माझी लाइन गेली, मला बोलायचंय?”

“नाही.”

“आणि तू उद्या हे मॅडमना लिहून दिलंस की काय होणार? ते वाक्य खोडलं जाणार. त्या खोतांकडे तेवढं एकच वाक्य आहे.”

हे सगळं खरं होतं. मला हिंदुरावांचं खरं वाटत होतं, हेही खरं होतं. पण ते वाक्य माझ्या सर्व्हरने लिहिलं होतं आणि खाली सही शिंत्रेंची झाली होती. आमच्या पेपरात एक नियम होता. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्ती त्याच पानावर द्यायची, आणि ज्याला त्या दुरुस्तीची झळ बसणार त्याला छापण्याआधी सांगायचं. मी किरणला म्हटलं की पत्र उद्या अकराला देईन, त्याआधी एका माणसाला भेटून येते. त्याने हात वर केले, पण पत्राला प्रॉक्सीच्या नोंदीची प्रत जोडायला हवी, हे त्यानेच सुचवलं.

संध्याकाळी साडेपाचला मी कामगार वसाहतीत गेले. हिंदुराव दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, आणि सरबत करते म्हणाली. घरात चार माणसं आली होती, बोलण्याचा आवाज मोकळा होता. कित्येक महिन्यांनी तसा झाला असावा.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि जसं होतं तसं सांगितलं. साठ सेकंद, प्रॉक्सी, तीन विनंत्या. वाफेच्या यंत्रावर आयुष्य गेलेला माणूस, ठरलेल्या दाबाला आपोआप सुटणारी झडप म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

“म्हंजे साहेब पळाला न्हाई.”

“ते मला माहीत नाही. लाइन त्यांनी तोडली नाही, एवढं माहीत आहे.”

“आन् तुमी हे लिवून देनार.”

“हो.”

“न्हाई दिलं तर कुनाला कळंल?”

“मला आणि किरणला. आणि आता तुम्हाला.”

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. मला वाटलं आता चिडतील. ते चिडायला मोकळे होते.

“ताई, साहेब मिनिटभर गप्प बसला का न्हाई?”

“बसले.”

“ते बी मशिनीनं लिवलंय?”

“लिहिलंय. प्रश्न संपल्यापासून साठ सेकंद त्यांच्याकडून काही आवाज नाही.”

“मग ते तरी लिवा. लाइन तुमी तोडली ते लिवा, आन् तो गप्प हुता ते बी लिवा. टॉवेल सोडला नसंल तर ‘न्हाई’ म्हनाया मिनिट लागतंय का ओ?”

हे वाक्य मी पत्रात घालू शकत नव्हते. पण साठ सेकंदांची नोंद माझ्या मसुद्यात आली नव्हती, आणि यायला हवी होती. मी फक्त माझी चूक लिहायला निघाले होते. परत गेल्यावर ती ओळ वाढवायची, असं मी ठरवलं. सरबत पिऊनच निघा, असं त्यांच्या बायकोने दोनदा सांगितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी अकराला उपळेकर मॅडमनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

“काल तुम्ही मला सांगितलंत की आपल्याकडे सगळं चालू आहे.”

“हो. ते चूक होतं.”

“हे पत्र तुमच्या कंपनीला महाग पडेल, कल्पना आहे?”

“आहे.”

त्यांनी बागवानांना बोलावून विनंतीच्या चौकटीबद्दल विचारलं. बागवानांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, “मॅडम, ती चौकट म्हंजे बँकेची जाहिरात समजलो मी.” मॅडमना हसू आलं नाही. अकरा दिवसांनी पुन्हा साक्ष ठेवा, तोच प्रश्न, तीच यंत्रणा, असं त्यांनी सांगितलं. यंत्रणा बदलायला हरकत नव्हती, तरी त्या म्हणाल्या की चूक कुठे आहे हे ज्याला कळलंय त्याच्याकडेच हे काम राहू दे.

मी प्रॉक्सीची मर्यादा साठ सेकंदांवरून एक तासावर नेली. शिवाय दर वीस सेकंदांनी सर्व्हरने एक ठोका पाठवायचा आणि पलीकडच्या ब्राउझरने त्याला उत्तर द्यायचं, अशी सोय केली. बोलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी आहे, तू आहेस का, एवढाच त्याचा अर्थ. मग चाचणी. या वेळी पेपर मिटून ठेवला. किरण त्याच्या घरी, मी ऑफिसात, दोन तास दोघांनी एक शब्द बोलायचा नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला त्याचा मोबाइलवर मेसेज आला: ‘शाळेत एवढा गप्प बसलो असतो तर पहिला आलो असतो.’ लाइन तुटली नाही.

दुसरी साक्ष सकाळी साडेदहाला सुरू झाली. मॅडमनी आधी माझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, साठ सेकंदांच्या ओळीसकट, आणि मागचं वाक्य इतिवृत्तातून काढलं. हिंदुराव शेवटच्या रांगेतच होते. शिंत्रेंनी ऐकलं का, असं विचारल्यावर ते “ऐकलं, मॅडम,” म्हणाले. आवाज स्वच्छ होता. नाव, हुद्दा, पाळीची वेळ त्यांनी भराभर सांगितली.

“मागच्या वेळी लाइन गेल्यावर तुम्ही परत यायचा प्रयत्न केला होता,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे तुम्हाला काही सांगायचं होतं असं मी समजते. तर पुन्हा विचारते. चाकावरचा टॉवेल तुम्ही सोडलात का?”

बागवानांनी माइक बंद केला. दहा त्रेचाळीस दोन.

माझ्या पडद्यावर ठोके दिसत होते. वीस, चाळीस, साठ. साठनंतर मी श्वास सोडला. ऐंशी. शंभर. हिंदुराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. दोन मिनिटं. ठोका जात होता आणि पलीकडून उत्तर येत होतं. माणूस तिथेच होता, किंवा निदान त्याचा कॉम्प्युटर होता. तीन मिनिटं आठ सेकंदांना स्पीकरमधून लांबून एक भोंगा ऐकू आला, पाळी बदलताना वाजतो तसा, आणि त्यापाठोपाठ घसा खाकरल्याचा आवाज. मॅडम पुढे झुकल्या.

चार मिनिटं सव्वीस सेकंदांनी ‘टिंग’ झालं आणि ठिपका करडा पडला.

या वेळी मॅडमनी चष्मा काढला नाही. “मगदूम?”

मी आधी लॉग पाहिला आणि मग बोलले. “एक हजार एक. त्यांच्या बाजूने बंद झाली.”

“त्यांनी केली?”

“त्यांच्या कॉम्प्युटरवर खिडकी बंद केली गेली. हात कोणाचा, ते मला दिसत नाही.”

“तसंच लिहा,” त्या बागवानांना म्हणाल्या.

बागवानांनी विनंतीची चौकट सगळ्यात वर आणून ठेवली आणि आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. एकही विनंती आली नाही. उठताना मॅडमनी मला सांगितलं की साक्षीची ही लिंक बंद करू नका, पुढचा आदेश येईपर्यंत चालू ठेवा.

समितीचा अहवाल त्या वर्षाच्या शेवटी सादर झाला. तो जाहीर झालेला नाही. बागवान निवृत्त होताना मला एवढंच सांगून गेले की टॉवेल कोणी सोडला हे सिद्ध होत नाही, असं त्यात म्हटलंय. हिंदुरावांना कामावर परत घेतलं, पण व्हॉल्व्हवर नाही, गेटवर. ढोबळेंची बायको त्या गेटातून जाताना अजून मान फिरवते, असं ते स्वतःच सांगतात. दर वर्षी हंगामाचा बॉयलर पेटला की त्यांचा मला फोन येतो. “त्या लाइनीवर आला का ओ कोन?” मी “नाही” म्हणते. यंत्रणा बघायला येणार होत्या त्या दोन्ही समित्यांनी तेव्हा आम्हाला काम दिलं नाही. नंतर इतरांनी दिलं. त्या सगळ्या चाचण्यांमध्ये पहिले दोन तास शांततेचे असतात.

लिंक बंद करण्याचा आदेश कधी आला नाही, म्हणून ती अजून चालू आहे. सर्व्हर तीनदा बदलला, दर वेळी मी ती नव्या सर्व्हरवर नेली.

गेल्या चौदा जुलैला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्या लिंकवर प्रवेशाची एक विनंती आली. जोडणीचा पत्ता पूर्व आफ्रिकेतला, युगांडाच्या बाजूचा होता. नावाची चौकट रिकामी होती. एकतीस सेकंद वाट पाहून खिडकी बंद केली गेली. आकडा एक हजार एक.

मी त्याच दिवशी हिंदुरावांना फोन केला. किती वेळ होता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मी फोन ठेवला नाही.

समितीचं काम आता ज्या कार्यालयाकडे आहे त्याला मी नोंदीच्या प्रतीसह पत्र पाठवलं. सव्वीस जुलैला पोच आली. उत्तर आलेलं नाही.